दुरुस्तीयोग्य स्मार्टफोन : टिकाऊपणा आणि दीर्घकालीन विश्वासार्हता

अंगणवाडीतील बालकाच्या वजनाची नोंद, शेतकऱ्याच्या खात्यात अनुदान जमा झाल्याचा संदेश, भाजीविक्रेत्याला यूपीआयद्वारे मिळालेली रक्कम आणि विद्यार्थ्याचे परीक्षेचे प्रवेशपत्र या सर्व बाबी आज एकाच उपकरणातून जातात. हे उपकरण म्हणजे स्मार्टफोन होय. शासकीय सेवा व आर्थिक व्यवहार यांचे प्रवेशद्वार या छोट्या यंत्रात सामावले असल्यामुळे ते किती वर्षे चालते आणि बिघडल्यास किती लवकर व किती खर्चात पूर्ववत होते, हा प्रश्न ग्राहकाच्या सोयीपुरता मर्यादित राहिलेला नाही. तो विकासाचा प्रश्न झाला आहे.

याचे एक उदाहरण महाराष्ट्रात पाहावयास मिळाले. पोषण अभियानाच्या कामासाठी अंगणवाडी सेविकांना शासनाकडून स्मार्टफोन देण्यात आले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यात अनेक ठिकाणी सेविकांनी हे फोन परत केले. फोन वारंवार बिघडतात, त्यांची स्मरणक्षमता अपुरी पडते आणि वॉरंटी संपल्यामुळे दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या मानधनातून करावा लागतो, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. फोन बंद पडला की माता व बालकांच्या नोंदीही थांबतात. खरेदीच्या वेळी किंमत व वैशिष्ट्ये पाहिली गेली, तरी पाच वर्षांनंतरच्या दुरुस्तीचा विचार झालेला नसेल, तर काय घडते, हे यावरून स्पष्ट होते.

टिकाऊपणा आणि विश्वासार्हता

या विषयात तीन संकल्पना नेहमी एकमेकींत मिसळल्या जातात. टिकाऊपणा म्हणजे आघात, उष्णता, धूळ व पाणी सोसूनही उपकरण न बिघडणे. दुरुस्तीयोग्यता म्हणजे बिघडलेला भाग काढून नवा बसविणे सुलभ असणे. विश्वासार्हता मात्र याहून व्यापक आहे. ठरावीक कालावधीत गरजेच्या वेळी उपकरण कामास येईल, याची शाश्वती म्हणजे विश्वासार्हता. दीर्घ काळाचा विचार करता केवळ टिकाऊपणाच्या बळावर ही शाश्वती मिळत नाही. एका साध्या गणिताने हे समजून घेता येईल.

समजा, एखाद्या फोनमध्ये डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग पोर्ट, कॅमेरा, मायक्रोफोन, ध्वनिक्षेपक असे दहा महत्त्वाचे भाग आहेत आणि प्रत्येक भाग वर्षभर न बिघडण्याची शक्यता ९८ टक्के आहे. सुटा विचार केल्यास हा आकडा उत्तम वाटतो. परंतु दहाही भाग वर्षभर निर्दोष चालण्याची शक्यता सुमारे ८२ टक्केच उरते. हाच हिशेब पाच वर्षांसाठी केल्यास एकही बिघाड न होण्याची शक्यता सुमारे ३६ टक्क्यांवर येते. म्हणजे असे तीन फोन घेतले, तर पाच वर्षांत त्यांपैकी दोन फोनांत काही ना काही बिघाड होण्याचा संभव अधिक. येथे सर्व भाग सारखेच मानले आहेत. प्रत्यक्षात काही भाग झिजणारेच असल्याने चित्र याहून प्रतिकूल असते.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. फोन दोन वर्षे वापरावयाचा असेल, तर त्याची मजबुती बव्हंशी पुरेशी ठरते. तो सहा-सात वर्षे वापरावयाचा असेल, तर मध्यंतरी एक-दोन वेळा दुरुस्ती होणार, हे गृहीत धरूनच त्याची रचना, सुट्या भागांचा पुरवठा आणि सॉफ्टवेअरची व्यवस्था करावी लागते.

फोन निकामी होण्याची कारणे

झिजणाऱ्या भागांमध्ये बॅटरीचा क्रम पहिला लागतो. लिथियम-आयन बॅटरीत चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात आणि वापराच्या वेळी परत बाहेर पडतात. या येरझाऱ्यांत ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ थर साचत जातो व त्यात थोडे थोडे लिथियम कायमचे अडकून पडते. परिणामी बॅटरीची साठवणक्षमता घटते. उष्णता जास्त असल्यास ही प्रक्रिया वेगाने होते. अनेक उत्पादक ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानातच फोन वापरण्याचा सल्ला देतात. आपल्या देशाच्या मोठ्या भागात उन्हाळ्याचे कित्येक आठवडे पारा ४० अंशांच्या वर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे बॅटरीवरील ताणाची कल्पना येते. दररोज एक पूर्ण चार्जिंग धरल्यास ८०० आवर्तने सव्वादोन वर्षांच्या आतच पूर्ण होतात. म्हणून पाच वर्षे वापरल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी किमान एकदा तरी बदलावी लागेल, असे मानणेच योग्य ठरते.

दुसरा क्रम डिस्प्लेचा. तो काचेचा असल्याने फोन हातातून निसटला की सर्वप्रथम त्यालाच इजा होते. चार्जिंग पोर्ट रोजच्या घर्षणाने सैल होतो आणि त्यात धूळ व ओलावा साचतो. हे तिन्ही भाग तुलनेने स्वतंत्र असून ते बदलता आल्यास उर्वरित फोन, म्हणजे प्रोसेसर, स्मरणिका व मदरबोर्ड, आणखी बराच काळ चालू शकतो.

चौथे कारण दिसणारे नाही. ते म्हणजे सॉफ्टवेअर. सुरक्षाविषयक सुधारणा मिळणे बंद झाले की फोन धडधाकट असूनही आर्थिक व्यवहारांसाठी धोकादायक बनतो आणि कालांतराने नवी ॲप त्यावर चालेनाशी होतात. यंत्र शाबूत असतानाही उपकरण बाद होण्याचा हा प्रकार होय.

दुरुस्तीयोग्य फोन नाजूक असतो काय?

सुट्या होणाऱ्या फोनविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो. जेवढे सांधे जास्त तेवढ्या बिघाडाच्या जागा जास्त, म्हणून सर्व भाग गोंदाने चिकटवून बंद केलेला फोनच अधिक टिकतो, असे त्याचे स्वरूप आहे. या आक्षेपात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच आहे.

प्रत्येक भाग सुटा करण्याची कल्पना टोकाला नेल्यास काय होते, हे गूगलच्या ‘प्रोजेक्ट आरा’ने दाखविले. सांगाड्यावर हवे ते ठोकळे बसवून फोन तयार करावयाचा, अशी ही योजना २०१३ मध्ये जाहीर झाली आणि बाजारात न येताच २०१६ मध्ये गुंडाळण्यात आली. एवढी लवचीकता बहुतेकांना लागतही नाही. जे भाग झिजतात वा फुटतात तेवढेच सहज बदलता यावेत, ही अपेक्षा अधिक व्यवहार्य आहे.

गोंदाने बंद केलेल्या फोनची खरी अडचण तो पहिल्यांदा उघडल्यावर सुरू होते. मागील काच गरम करून सोडवावी लागते. त्यात ती फुटण्याची भीती असते. मूळ गोंद निघून गेल्यावर नवा पट्टा नीट न बसविल्यास पाण्यापासून मिळणारे संरक्षण उरत नाही. म्हणजे ज्या बंदिस्तपणामुळे असा फोन टिकाऊ ठरतो, तो पहिल्या दुरुस्तीपर्यंतच टिकतो.

याउलट स्क्रू व रबरी पट्टी यांच्या साहाय्याने बंद होणारा फोन अनेकदा उघडून पुन्हा तितकाच घट्ट बसविता येतो. पाणी व धूळ यांपासूनच्या संरक्षणाचे मोजमाप ‘आयपी’ या आंतरराष्ट्रीय मानांकनाने केले जाते. ‘आयपी ६७’ म्हणजे धुळीपासून पूर्ण संरक्षण आणि १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे राहण्याची क्षमता. ‘आयपी ६८’ ची कसोटी याहून कठीण असते. हाताने काढता येणारी बॅटरी आणि हे मानांकन एकत्र नांदू शकत नाहीत, असा समज होता. २०२४ मध्ये भारतात विक्रीस आलेल्या सॅमसंगच्या ‘गॅलेक्सी एक्सकव्हर ७’ या फोनची बॅटरी हाताने बदलता येते आणि त्याला ‘आयपी ६८’ मानांकनही आहे. अर्थात असा फोन काहीसा जाड असतो. मजबुती, सुटसुटीतपणा आणि दुरुस्तीयोग्यता या तिन्हींचा मेळ घालता येतो, फक्त त्यासाठी जाडीच्या मिलिमीटरमध्ये किंमत मोजावी लागते.

फेअरफोनचा अनुभव

दुरुस्तीयोग्य फोन प्रत्यक्षात किती काळ साथ देतो, याचा सर्वांत दीर्घ अनुभव नेदरलँड्समधील ‘फेअरफोन’ या कंपनीच्या पाठीशी आहे. अ‍ॅमस्टरडॅम येथील ही कंपनी २०१३ मध्ये स्थापन झाली. तिचे फोन प्रामुख्याने युरोपात विकले जातात आणि त्यांची संख्या मोठ्या कंपन्यांच्या तुलनेत अत्यल्प आहे. तरीही तिच्या यशापयशातून मिळणारे धडे सर्वांच्या उपयोगाचे आहेत.

पहिल्या फेअरफोनचे सुमारे ६०,००० संच विकले गेले. २०१७ मध्ये कंपनीला त्याच्या सुट्या भागांचा पुरवठा थांबवावा लागला. हे भाग बनविणारे पुरवठादार तोपर्यंत नव्या उत्पादनांकडे वळले होते आणि लहान मागणीसाठी जुना भाग पुन्हा तयार करणे परवडणारे नव्हते. त्या फोनच्या चिपसाठी नवे सॉफ्टवेअरही मिळेनासे झाले होते. फोन उघडता येत होता, पण आत घालावयास भाग नव्हता. दुरुस्तीयोग्यता ही केवळ रचनेची बाब नसून पुरवठा साखळीचीही आहे, हा पहिला धडा होय.

डिसेंबर २०१५ मध्ये ‘फेअरफोन २’ बाजारात आला. त्याचा डिस्प्ले कोणत्याही अवजाराविना, केवळ खिट्ट्या सरकवून काढता येत असे. भागांतील विद्युतसंपर्क स्प्रिंग असलेल्या सूक्ष्म सुयांमार्फत होई. २०१९ च्या ‘फेअरफोन ३’ मध्ये कंपनीने ही पद्धत बदलली. डिस्प्ले स्क्रूने बसविण्यात आला, जोडणीसाठी दाबून घट्ट बसणारे नेहमीचे कनेक्टर वापरले गेले आणि फोनसोबत एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर देण्यात आला. भाग काही सेकंदांत निघण्याऐवजी काही मिनिटांत निघू लागला, परंतु रोजच्या वापरात जोडणी अधिक भक्कम झाली. पाच वर्षांतून एक-दोनदा करावयाच्या कामासाठी एवढा वेळ मुळीच जास्त नाही. सुलभतेची नेमकी मर्यादा कोठे ठेवावी, हा दुसरा धडा होय.

तिसरा धडा सॉफ्टवेअरचा. फेअरफोन २ मध्ये क्वालकॉम कंपनीची ‘स्नॅपड्रॅगन ८०१’ ही चिप होती. चिप बनविणाऱ्या कंपनीने अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीनंतर तिला पाठबळ देणे थांबविले. तरीही फेअरफोनने स्वतःच्या प्रयत्नाने पुढील आवृत्त्या त्यावर बसविल्या आणि दहाव्या आवृत्तीपर्यंत मजल मारली. मार्च २०२३ मध्ये, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळानंतर, हे पाठबळ संपले. हा मार्ग अतिशय कष्टाचा असल्याने २०२३ च्या ‘फेअरफोन ५’ साठी कंपनीने औद्योगिक उपकरणांकरिता बनविलेली चिप निवडली. अशा चिपला तिचा निर्माता दीर्घकाळ पाठबळ देतो. त्यामुळे ग्राहकांना २०३१ पर्यंत सॉफ्टवेअर सुधारणा व पाच वर्षांची वॉरंटी देण्याचे आश्वासन कंपनी देऊ शकली.

दीर्घ पाठबळाचा हा विचार आता मोठ्या कंपन्यांनीही स्वीकारला आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘पिक्सेल ८’ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये ‘गॅलेक्सी एस २४’ मालिकेसाठी सात वर्षांच्या सुधारणांची हमी दिली. मात्र हे महागडे फोन आहेत. ज्या कुटुंबांना फोन जास्तीत जास्त काळ वापरणे भाग असते, त्यांच्या वाट्याला येणाऱ्या स्वस्त फोनांना सहसा याहून बरेच कमी वर्षांचे पाठबळ मिळते. ही विसंगती चिंताजनक आहे.

युरोपीय देशांतील नियम

फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून स्मार्टफोनसह काही वस्तूंवर दहापैकी गुण दर्शविणारा दुरुस्तीयोग्यता निर्देशांक छापणे बंधनकारक केले. त्यानंतर संपूर्ण युरोपीय संघासाठी २० जून २०२५ पासून नवे नियम लागू झाले. त्यांनुसार एखाद्या फोनची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग उपलब्ध ठेवावे लागतात आणि ते ५ ते १० कामकाजाच्या दिवसांत पुरवावे लागतात. विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षे सॉफ्टवेअर सुधारणा द्याव्या लागतात. ८०० आवर्तनांनंतर बॅटरीची किमान ८० टक्के क्षमता शिल्लक असली पाहिजे आणि कोणतेही आवरण नसताना ४५ वेळा पडूनही फोन चालू राहिला पाहिजे. खोक्यावरील पट्टीवर दुरुस्तीयोग्यता व पडण्याविरुद्धची क्षमता या दोहोंची श्रेणी शेजारी शेजारी दर्शविली जाते. टिकाऊपणा व दुरुस्ती ही एकाच मोजमापाची दोन अंगे असल्याचे या नियमांनी मान्य केले आहे.

आणखी एक अडथळा सॉफ्टवेअरच्या कुलपाचा असतो. काही फोनांत प्रत्येक भागाला स्वतंत्र क्रमांक असतो आणि कंपनीच्या परवानगीविना बसविलेला भाग अस्सल असूनही पूर्ण क्षमतेने चालत नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून या प्रथेला प्रतिबंध केला.

भारतातील स्थिती

दुरुस्ती ही आपल्या समाजाला नवी नाही. दिल्लीतील करोल बागेचा गफ्फार मार्केट परिसर, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगळुरूचा एस. पी. रोड येथपासून तालुक्याच्या बसस्थानकाजवळील टपरीपर्यंत पसरलेल्या दुरुस्ती व्यवसायाने कोट्यवधी फोनांना दुसरे आयुष्य दिले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली मदरबोर्डवरील सोल्डरिंग करणारे कुशल कारागीर या बाजारांत आहेत. परंतु त्यांना अस्सल सुटे भाग, मंडलांचे नकाशे व अधिकृत माहिती सहज मिळत नाही. नकली बॅटरी वा हलका डिस्प्ले बसविला गेला, तर दुरुस्ती होते पण विश्वासार्हता उरत नाही. बॅटरीच्या बाबतीत तर हा सुरक्षिततेचाही प्रश्न असतो.

या पार्श्वभूमीवर केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशा चार क्षेत्रांचा त्यात समावेश आहे. पुढील पाऊल म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी समिती स्थापन झाली. तिने मे २०२५ मध्ये अहवाल सादर केला. भाग सुटे करण्यास लागणारे टप्पे, दुरुस्तीची माहिती, वाजवी मुदतीत सुट्या भागांची उपलब्धता, सॉफ्टवेअर सुधारणा, लागणारी अवजारे व स्क्रूंचे प्रकार यांच्या आधारे गुण द्यावेत आणि ते विक्रीच्या ठिकाणी, ई-वाणिज्य मंचांवर व खोक्यावरील क्यूआर कोडद्वारे ग्राहकास दिसावेत, असे त्यात सुचविण्यात आले आहे.

या विषयाला पर्यावरणाचीही बाजू आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहभागाने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अहवालानुसार २०२२ या वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे संकलन व पुनर्चक्रण नोंदले गेले. भारतात १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा व्यवस्थापन नियम लागू असून उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकण्यात आली आहे. मात्र स्मार्टफोनच्या संपूर्ण आयुष्यातील पर्यावरणीय भारापैकी सर्वाधिक भार त्याच्या निर्मितीच्या वेळीच पडतो. त्यामुळे तयार फोन आणखी दोन-तीन वर्षे वापरात ठेवणे हे त्याचे पुनर्चक्रण करण्यापेक्षा अधिक लाभदायक ठरते.

पुढील दिशा

फेअरफोनचा अनुभव आणि आपल्या बाजारपेठेची स्थिती एकत्र पाहिल्यास काही बाबी ठळकपणे पुढे येतात.

पहिली बाब निर्देशांकाची. फोन किती मिनिटांत उघडतो यापेक्षा त्याची बॅटरी व डिस्प्ले किती वर्षे आणि कोणत्या दराने मिळणार, तसेच सॉफ्टवेअरला कोणत्या वर्षापर्यंत पाठबळ मिळणार, या गोष्टींना गुणांकनात अधिक वजन मिळावयास हवे. सुटा भाग फोनच्या निम्म्या किमतीला मिळत असेल, तर ती उपलब्धता नाममात्रच होय.

दुसरी बाब शासकीय खरेदीची. अंगणवाडी, आरोग्य, शिक्षण व जनगणना यांसाठी शासन मोठ्या प्रमाणावर फोन व टॅबलेट खरेदी करते. निविदेतच पाच वर्षांची सॉफ्टवेअर सुधारणा, जिल्हा पातळीवर सुट्या भागांचा साठा आणि बॅटरी बदलण्याचा आगाऊ ठरविलेला दर या अटी घातल्यास दुरुस्तीचा भार सेविकांच्या मानधनावर पडणार नाही. शिवाय एवढ्या मोठ्या मागणीमुळे स्वस्त फोनांमध्येही दीर्घ पाठबळ देणे कंपन्यांना परवडू शकेल.

तिसरी बाब मनुष्यबळाची व सुट्या भागांच्या निर्मितीची. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये स्मार्टफोन तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. प्रशिक्षित तंत्रज्ञांना आणि जुन्या अनुभवी कारागिरांना अस्सल भाग व तांत्रिक माहिती मिळाल्यास त्यांच्या कौशल्याचे चीज होईल. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २२,९१९ कोटी रुपयांच्या इलेक्ट्रॉनिक घटक निर्मिती योजनेस मंजुरी दिली. डिस्प्ले व कॅमेऱ्याचे संच, बॅटरीचे सेल असे भाग देशातच तयार होऊ लागले, तर त्यातील काही हिस्सा दुरुस्तीच्या बाजारासाठी राखून ठेवण्याचा विचार करता येईल.

ग्राहकानेही खरेदीच्या वेळी चार प्रश्न अवश्य विचारावेत. सुरक्षा सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत मिळतील? वॉरंटीनंतर बॅटरी व डिस्प्ले बदलण्याचा अधिकृत खर्च किती? सर्वांत जवळचे सेवा केंद्र कोठे आहे? फोन उघडल्यानंतर पाण्यापासूनचे संरक्षण पूर्ववत करून मिळते काय? योग्य सेवा न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

घरातील शिलाई यंत्र, सायकल वा पाण्याचा पंप पिढ्यान्‌पिढ्या चालतो, कारण त्याचा भाग तालुक्याच्या दुकानात मिळतो आणि तो बसविणारा माणूस ओळखीचा असतो. स्मार्टफोनलाही हीच व्यवस्था मिळाली, तर ग्रामीण भागातील सेविका, शेतकरी व विद्यार्थी यांच्या हातातील फोन नवा घेतल्याच्या दिवसाइतकाच पाचव्या वर्षीही भरवशाचा राहील.